ज्याचं जळालं त्याला विचारलं का? विधी व न्याय विभागाला एक खुलं पत्र

प्रति,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्य विधी सेवा प्राधिकरण आणि जिल्ह्याजिल्ह्यातली त्याची कार्यालयं यांस

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल पुढं सांगणार आहे ती माणसं आजही माझ्या शेजारी राहतात, एकाच पाणंदीनं आम्ही शेतात जातो. सहा वर्षं मी गावच्या तंटामुक्ती समितीत होते. त्यानंतर तालुका विधी सेवा समितीची स्वयंसेवक म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यात बसून लोकांचे अर्ज लिहून दिले. मी वकील नाही, शिक्षण बारावीपर्यंत. पण भांडण मिटताना मी जवळून पाहिलं आहे, आणि मिटल्यावर आठ-दहा वर्षांनी त्याचं काय होतं तेही पाहिलं आहे. हे दुसरं कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून हे पत्र.

निमित्त दोन कायद्यांचं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ४ मध्ये सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून आली. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू परत केलेली, असं असेल तर तुरुंगाऐवजी समाजाच्या उपयोगाचं बिनपैशाचं काम. त्याआधी २०२३ साली मध्यस्थी कायदा झाला. त्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरणच आहे. गावातली, वस्तीतली शांतता बिघडेल असा वाद असेल, तर दोन्ही बाजूंच्या संमतीनं तीन मध्यस्थांनी बसून तो सोडवायचा.

या दोन्ही गोष्टी मला मनापासून हव्या आहेत. किरकोळ चोरीत आत गेलेलं पोरगं बाहेर येताना काय शिकून येतं, ते आमच्या तालुक्यानं पाहिलंय. तारखांना जाऊन जाऊन ज्यांच्या एसटीच्या तिकिटांचा खर्च भांडणाच्या जमिनीपेक्षा जास्त झाला, अशी माणसंही मला माहीत आहेत. पण कायदा असतो चार ओळींचा. गावात तो पोचतो नियमांतून, परिपत्रकांतून, 'मार्गदर्शक सूचनां'तून. ते नियम लिहिताना आणि पुढं सुधारताना आम्हाला विचारा, हे माझं मागणं आहे. आणि 'आम्हाला' म्हणजे नेमकं कुणाला, ते सांगायला मला एका गंजीची गोष्ट सांगावी लागेल.

२०१२ साली पाऊस गेला. पुढच्या उन्हाळ्यात मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, ते आपल्या लक्षात असेलच. आमच्या शेतात आदल्या सालचा कडबा राखून ठेवलेला होता, अकराशे पेंढ्यांची गंजी. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी वाद चालू होता. माघातल्या एका रात्री गंजी पेटली. कुणी पेटवली हे सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं: शेजाऱ्याचा धाकटा, वय एकोणीस.

सासरे पोलीस ठाण्याला निघाले, त्यांना समितीच्या लोकांनी वेशीतूनच परत आणलं. त्या समितीची मी सदस्य. बैठक पारावर बसली आणि मी बसले देवळाच्या पायरीवर, बायकांच्या बाजूला. दोन तास बोलणं चाललं. भावकीचं झालं, गावाच्या अब्रूचं झालं. गाव त्या वर्षी तंटामुक्तीच्या पुरस्काराला बसलं होतं, त्याची आठवण दिली गेली. पोराचं पोलीस भरतीचं वय आहे, आयुष्य खराब होईल, हेही झालं. शेवटी नारळ, टॉवेल-टोपी, गळाभेट आणि फोटो. रजिस्टरमध्ये 'वाद सामोपचाराने मिटला' असं लिहिलं गेलं. खाली माझीही सही आहे.

त्या दोन तासांत गंजीत पेंढ्या किती होत्या हे एकाही माणसानं विचारलं नाही. बैल आता काय खातील, हेही नाही. विचारायचं तर माझ्या सासूबाईंना विचारायला हवं होतं, वैरणकाडी त्याच बघायच्या. त्या घरीच होत्या, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. चैत्रात आम्ही बैलजोडी नेकनूरच्या बाजाराला नेली. दुष्काळात बाजारात उभ्या बैलाला जो भाव येतो तो आला. सासूबाईंनी ती जोडी गोऱ्हे असल्यापासून सांभाळलेली होती. माणसं मोकळी परत आली तेव्हा त्यांनी दोन्ही दावी दाराच्या खुंटीला अडकवली. त्या गेल्या तोवर ती तिथंच होती.

आता त्या पोराचं. भरतीत तो निघाला नाही, पुण्याकडं कंपनीत लागला. लॉकडाऊनच्या साली गावी आला तेव्हा एक दिवस धुऱ्यावर थांबला आणि म्हणाला, "काकू, त्या दिवशी मला बोलूच दिलं नाही. मीच पेटवली असं सांगणार होतो. उन्हाळाभर तुमच्या बैलांना आमच्यातली वैरण घालतो म्हणणार होतो. आबा म्हणले, गप बस, कबूल केलंस तर केस होईल."

सात वर्षं तो हे घेऊन फिरत होता. बैठकीनं आमचं तोंड बंद केलं हे मला माहीत होतं. त्याचंही बंद केलं होतं, हे त्या दिवशी कळलं. सासूबाईंच्या कानावर हे पडलं असतं तर बरं झालं असतं, पण तोवर त्या राहिल्या नव्हत्या.

'मिटवणं' या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत. भांडण मिटवतात, आणि पाटीवर लिहिलेलंही मिटवतात. आमच्या पारावर त्या दिवशी दुसरं झालं. आमच्याकडं भरपाईला अजून 'मावेजा' म्हणतात. निजामाच्या काळापासूनचा शब्द आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट गेली, शब्द राहिला. धरणात जमीन गेली की मावेजा, रस्त्यात गेली की मावेजा. पण मावेजा येतो सरकारकडून. ज्यानं नुकसान केलं त्यानं स्वतःच्या हातानं भरून द्यायचं, त्याला आमच्या बोलण्यात धड शब्दही उरलेला नाही.

तंटामुक्तीच्या मोहिमेला मी नावं ठेवत नाही. १५ ऑगस्ट २००७ ला ती सुरू झाली तेव्हा, गावाला स्वतःचं भांडण स्वतः सोडवता येतं, हे पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला सांगितलं. वाटणीचे, बांधाचे, पाणंदीचे कितीतरी वाद तीन-चार बैठकांत सुटलेले मी पाहिलेत, जे कोर्टात एक पिढी चालले असते. पण बक्षीस होतं मिटलेल्या तंट्यांना. किती मिटले ते मोजलं गेलं. ते मिटवताना कोण गप्प बसलं, कुणाला बसवलं, हे मोजायला रकानाच नव्हता. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दुसऱ्या दिवशी 'इतकी प्रकरणे निकाली' अशी बातमी येते तेव्हाही मला तोच रकाना आठवतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्यानुसार लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही. म्हणजे टेबलासमोर उभी असलेली बाई सही करते ती शेवटचीच. तिला आधी दहा मिनिटं बाजूला घेऊन कुणी समजावून सांगितलं का, हे निकालाच्या आकड्यात दिसत नाही.

जगात जे यापेक्षा वेगळ्या वाटेनं गेले ते 'पुनर्स्थापनात्मक न्याय' असा शब्द वापरतात. जड आहे. मी 'भरून देणारा न्याय' म्हणते. १९७४ साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाच्या छोट्या गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. तिथल्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यानं सुचवलं की या पोरांना प्रत्येक घरी न्यावं. न्यायाधीशांनी ते मानलं. पोरं दारोदार गेली, ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर उभी राहिली, भरपाई किती ते ठरलं आणि ती दिली गेली. १९८९ मध्ये न्यूझीलंडनं अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबपरिषदेची पद्धत थेट कायद्यात आणली. तिच्यामागं माओरी लोकांची रीत होती, जिच्यात मुलाची जबाबदारी सगळ्या गोतावळ्याची असते. आपल्या कोर्टात पहिला प्रश्न कलम कोणतं हा असतो आणि आपल्या पारावर पहिला प्रश्न मिटवता कसं हा. तिथं पहिला प्रश्न असतो, कुणाचं काय गेलं.

हा प्रश्न आमच्याकडं विचारता येत नाही असं नाही. एकदा मी तो विचारला जाताना पाहिला आहे, आणि ते जरा सविस्तर सांगते, कारण नियम लिहिणाऱ्याच्या कामाचं त्यातच आहे.

स्वयंसेवक असताना एका विधवा बाईच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. तांब्यासाठी नेतात. पोरगा सापडला, शेजारच्या गावचा, विशीतला. गुन्हा नोंद झाला. चोरीचा गुन्हा मालकाच्या संमतीनं मिटवता येतो, त्यामुळं पोराचे मामा लगेच हजार-दोन हजार घेऊन बाईच्या दारात. ज्या वकीलताईंबरोबर मी काम करत होते त्या म्हणाल्या, पैसे ठेवा खिशात, आधी तिला एकटीला भेटू. भेटलो. ती म्हणाली, त्याचं तोंड बघायचं नाही मला. आम्ही चहा घेतला आणि परत आलो. कुणी आग्रह केला नाही. पंधरा दिवसांनी तिनंच निरोप धाडला.

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. एक केबल, ती समजण्यासारखी. दुसरी आम्हाला कुणालाच सुचली नव्हती. आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्याच्या आठवडे रात्रीची असते, ती बाई एकटी विहिरीवर पाणी द्यायला जायची. चोरी झाल्यापासून तिचं रात्रीचं जाणं बंद झालं होतं आणि हरभरा वाळत होता. तो पोरगा आपल्यावर पाळत ठेवून होता का, हे तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

बैठक पारावर नाही झाली. तिच्या अंगणात झाली, तिचा भाऊ सोबत बसला. पोरानं सांगितलं की तुम्ही लेकीकडं गेल्याचं कळलं म्हणून आलो, तुम्हाला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. कुठून आत शिरला, किती वेळ होता, सगळं सांगितलं. ते ऐकल्यावर तिचे खांदे खाली आले, ते मला अजून दिसतात. नव्या केबलचे पैसे दोन हप्त्यांत ठरले आणि ती टाकायला त्यानंच यायचं हेही ठरलं. मामा म्हणाले, "आता माफ केलं म्हणा, मावशी." ती म्हणाली, "ते मी म्हणणार नाही." वकीलताईंनी विषय तिथंच थांबवला. मग कोर्टात रीतसर मिटलं. त्या हंगामात ती पुन्हा रात्री पाण्याला जाऊ लागली.

या कामाला आम्हाला दीड महिना लागला. एका दिवसात शंभर प्रकरणं काढायची असतील तर असं काम होणार नाही. तिला एकटीला आधी विचारणं, तिनं नाही म्हटलं तर तिथंच थांबणं, जागा तिनं ठरवणं, माफीचा आग्रह न करणं, आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन बघणं, हे नियमात लिहा. लिहिलं नाही तर गावात ते होणार नाही, कारण गावाला घाई असते.

आणि कुठं हे मुळीच करायचं नाही, तेही तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहा. २०२० साली मध्य प्रदेशात विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना, तक्रारदार बाईकडून राखी बांधून घे, अशी अट उच्च न्यायालयानं घातली होती. तिनं ती मागितली नव्हती. १८ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली आणि अशा प्रकरणांत तडजोड सुचवू नका असं बजावलं. जिथं एवढ्या मोठ्या न्यायालयात हे होऊ शकतं तिथं पारावर काय होत असेल? आमच्याकडं ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायला निघालेल्या माणसाला वेशीतून परत आणणारे हात मी पाहिलेत. तेच हात गंजीच्या वेळी माझ्या सासऱ्यांच्या खांद्यावर होते. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५ अ आलं, त्यानं पीडिताला जामिनापासून प्रत्येक टप्प्यावर कळवायचं आणि त्याचं ऐकायचं हा हक्क दिला आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. अशा गोष्टी पंचांसमोर 'शांततेचा वाद' म्हणून आल्या तर त्या पंचांनी हातात घ्यायच्या नाहीत, असं साध्या मराठीत लिहून ठेवा.

आमच्या जिल्ह्याचं आणखी एक दुखणं आहे, ते मुंबईत बसून लक्षात येणार नाही. इथून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात, म्हणजे बाई अर्धा कोयता. मुकादम उचल देतो, ती हंगामात फिटत नाही, मग पुढच्या हंगामाचं बांधून घेणं. उचल फिटली नाही म्हणून माणूस अडवून ठेवला, बैल ओढून नेले, असे वाद आमच्याकडं नित्याचे. ते बहुतेक वेळा 'आपसात' मिटतात. कोण कुणाशी आपसात? ज्याच्या डोक्यावर एक लाखाची उचल आहे तो मुकादमासमोर बसून कशाला नाही म्हणणार? वेठबिगार पद्धती १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आणि बिगारीचं कर्ज त्याच कायद्यानं संपुष्टात आलं. जे कर्ज कायद्याच्या लेखी उरलंच नाही, त्याचे हप्ते मध्यस्थांनी बसून ठरवून द्यायचे नसतात. तेव्हा सामुदायिक मध्यस्थांना उचलीचा वाद आला की सर्वांत आधी, माणूस मोकळा आहे का, हे तपासायला सांगा. मोकळा नसेल तर ते काम त्यांचं नाही, तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांचं आहे.

मध्यस्थी कायद्यातली एक ओळ मला फार टोचते. गावपातळीवरच्या मध्यस्थांची यादी करताना महिला किंवा इतर वर्गांचं प्रतिनिधित्व 'विचारात घेता येईल' असं तिथं आहे. सहा वर्षं मी पायरीवर बसले आहे, म्हणून सांगते, 'येईल' या शब्दावर आम्ही पायरीवरच राहतो. राज्याच्या नियमांत निदान एवढं तरी पक्कं करा की तीनपैकी एक बाई असेल, आणि वाद ज्या समाजांत असेल त्या दोन्हींचं माणूस असेल. 'प्रतिष्ठित व्यक्ती' म्हणजे कोण, हेही गावावर सोडू नका. गावात प्रतिष्ठा कुणाकडं असते ते आपल्यालाही माहीत आहे.

सामुदायिक सेवेचंही असंच. काम कोणतं द्यायचं ते न्यायालय ठरवणार, पण यादी खालून जाणार. ती यादी करताना हातात झाडू सर्वांत आधी येईल. थांबा, कृपा करून. आमच्या गावात झाडायचं काम कुणाचं हे जातीनं ठरलेलं होतं आणि ते अजून पुरतं सुटलेलं नाही. त्याच वस्तीतल्या पोराला न्यायालयाच्या नावानं पुन्हा झाडू दिला तर ती शिक्षा त्याच्या आज्यालाही दिली होती, त्यानं तर काही गुन्हाही केला नव्हता. आणि पाटलाच्या पोराला लाज वाटावी म्हणून झाडायला लावलं तर रोज ते काम करणाऱ्यांच्या तोंडावर आपण काय म्हणतो आहोत? कामं शोधली तर मिळतात. शाळेच्या परसबागेला पाणी घालणं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना दवाखान्यात, तहसीलमध्ये सोबत जाणं, पाझर तलावातला गाळ काढणं. ही यादी कुठल्या वस्तीत कुणी वाचली आणि कुणाला काय वाटलं, ते टिपून मगच पक्की करा.

म्हणजे पुन्हा विचारण्याशीच आलं. ते कसं करायचं याचे नमुने आपल्याच देशात आहेत. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ घ्यावी लागते, ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि सुनावणी संपताना कोण काय म्हणालं ते स्थानिक भाषेत जमलेल्या लोकांना वाचून दाखवावं लागतं. ही वाचून दाखवायची अट मला फार मोलाची वाटते. आपलं म्हणणं बरोबर लिहिलंय का, हे न शिकलेल्या माणसालाही तिथल्या तिथं कळतं. मी एकदा कुठल्याशा नियमांच्या मसुद्यावर 'हरकती व सूचना' म्हणून चार पानं लिहिली, पहाटेच्या गाडीनं जिल्ह्याला जाऊन पोच घेतली. त्या चार पानांचं पुढं काय झालं, ते मला आजवर कुणी कळवलेलं नाही. हरकत मानली नाही तरी चालेल. का मानली नाही, ते दोन ओळींत लिहून गावच्या फलकावर लावा.

भाषेचंही सांगते. त्याच पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा २०२० मध्ये आला तो इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावं लागलं की तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणा. आमच्या आजोबांच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनं आमच्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली, तरी अजून कितीतरी निकाल समजून घ्यायला वकिलाला पैसे द्यावे लागतात. या नियमांचा मसुदा मराठीत काढा, आणि तो 'तदनंतर', 'उपरोक्त', 'अनुज्ञेय' अशा मराठीत नको. कोर्टाच्या व्हरांड्यात मी लोकांना जशा भाषेत अर्ज वाचून दाखवत होते तशा मराठीत काढा.

आणि तारीख बघून काढा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला आमचं अर्धं गाव फडावर असतं, कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात, पालात. तेव्हा घेतलेल्या ठरावाला गावाचा ठराव म्हणायला मला जड जातं. टोळ्या दसरा-दिवाळीला हलतात. त्याआधी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मसुदा वाचला जावा, आणि तिच्याआधीच्या महिला सभेत तो वेगळा वाचला जावा. बायका तिथं बोलतात, ग्रामसभेत बोलत नाहीत.

नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचं आहे. सरकारला खटला मागं घ्यायचा असेल तर पीडिताचं ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पीडिताला खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्याचा हक्क आहे. खटला चालू असताना ज्या बाईचं ऐकायचं हे ठरलं आहे, तिच्यासाठी नियम करताना तिला बाहेर ठेवायचं, याचा मेळ मला लागत नाही.

एक जुनी गोष्ट सांगून थांबते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. माझ्या ओळखीची एक आजी होती, १९७८ च्या सालात तिचं घर जळालेलं. नामविस्ताराच्या दिवशी ती गुलाल घेऊन नाचली होती. पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, आता मनात काही राहिलंय का. म्हणाली, "नाव मिळालं बाई. घरही पुन्हा बांधलं. पण जाळलं त्यो रोज रामराम घालतो. एकदा तोंडानं म्हण की मी जाळलं." तिच्यासाठी कुठला कायदा पुरा पडला असता मला ठाऊक नाही, आणि तिच्यावर समोरासमोर बसायची बळजबरी करायला मी कधीच तयार झाले नसते. पण तिला काय हवं होतं हे ती एका वाक्यात सांगू शकत होती, आणि सरकारच्या बाजूनं तिला ते कुणी विचारलेलं नव्हतं.

मसुदा १५ ऑगस्टच्या आधी ग्रामपंचायतीत पोचला तर आमच्या गावात मी तो वाचून दाखवीन. आजूबाजूच्या चार गावांतही जाईन, एसटीचं भाडं माझं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं लिहून घेईन आणि सही किंवा अंगठा घेण्याआधी त्यांना वाचून दाखवीन. हे कागद तालुक्याला कुणाच्या हाती द्यायचे आणि पोच कोण देणार, तेवढं मसुद्याच्या पहिल्या पानावर लिहा.

आपली,
एक माजी तंटामुक्ती समिती सदस्य
बालाघाट डोंगरपट्टा, जि. बीड